घाटेकाकांचा गोल आणि स्वस्तातला टॅबलेट

घाटेकाकांनी काढलेला गोल स्क्रीनवर आडव्या अंड्यासारखा उमटला. त्यांनी पेन टेबलावर ठेवला, चष्मा काढून खिशात घातला आणि काकूंना म्हणाले, "चल. झालं पाहून."

काकू जागच्या हलल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

आमचं शहर हिंदी बोलणारं. तिथे ओमतीच्या बाजारात मी एका कॉम्प्युटरच्या दुकानात काम करते. ग्राफिक्सचं काउंटर माझ्याकडे आहे. चित्रं काढणारे, लग्नपत्रिका डिझाइन करणारे, ऑनलाइन शिकवणारे मास्तर, यांना काय घ्यावं ते सांगायचं, लावून द्यायचं आणि बिघडलं की बोलणी खायची. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. हे मी विचारल्याशिवायही सांगते.

काकू आदल्या आठवड्यात अधारताल भागातून एकट्याच आल्या होत्या. मी मराठी बोलते म्हटल्यावर खुर्ची ओढून बसल्या.

"ह्यांच्यासाठी पाहिजे. फॅक्टरीत ड्राफ्ट्समन होते. मशीनच्या पार्टांची ड्रॉइंगं काढायचे. आता उजव्या अंगाला झटका येऊन गेला. चालतात, जेवतात, पण हात कापते. डॉक्टर म्हणते हाताला काम द्या."

"मग कागदावर नाही काढत?"

"काढतात अन् फाडतात. खोडलेलं दिसते म्हणतात कागदावर. म्हणून म्हटलं, ह्याच्यावर पुसलं की पुसलं."

"काय काढायचे घरी?"

"नातीसाठी हत्ती. वरून, समोरून, बाजूनं. एका हत्तीचे तीन हत्ती. तिला वाटते, सगळेच असे काढतात."

टॅबलेट दोन प्रकारचे असतात. एकात स्क्रीन असतो, चित्र पेनाच्या खालीच दिसतं. दुसरा नुसती काळी पाटी. पेन पाटीवर फिरतो आणि चित्र समोरच्या मॉनिटरवर उमटतं. पहिला महाग, दुसरा स्वस्त.

आमचे मालक दुबेजी मागून जाता जाता म्हणालेच, "स्क्रीन वाला दिखाओ ना वैशाली, अंकल को आराम रहेगा."

"भैया, इनका बजट छोटे वाले का है."

"बजट तो बढ़ता है."

काकूंचं वाढणारं नव्हतं. मी छोटी पाटी सुचवली. बॉक्सवर प्रेशर लेव्हलचे मोठमोठे आकडे छापलेले असतात. पेन दाबला की रेघ किती बारकाईने जाड होते, त्याचं ते माप. शिकणाऱ्याला त्या आकड्यांचा काही उपयोग नसतो. पेनाला चार्जिंग लागत नाही ना, आणि हात फिरायला जागा पुरते ना, एवढं बघायचं. मी काकूंना म्हटलं, काकांनाच घेऊन या. हात त्यांचा आहे.

काका आले ते नाराजच होते. पाटी उलटीसुलटी करून पाहिली. "हात इथं अन् चित्र तिथं?"

"हो काका. हाताकडे बघायचं नाही, समोर बघायचं."

"म्हणजे पँटोग्राफ."

पँटोग्राफ म्हणजे चार पट्ट्या जोडून केलेलं जुनं साधन. एका टोकाने चित्र गिरवलं की दुसऱ्या टोकाशी तेच लहान किंवा मोठं होऊन उमटतं. किती, ते पट्ट्या कुठल्या भोकांत बसवल्या त्यावर ठरतं. नवीन माणसाला ही पाटी अंगवळणी पडायला वेळ लागतो. काकांना एक वाक्य पुरलं. मला वाटलं, काम झालं.

पण त्यांच्या ड्रॉइंग ऑफिसची एक पद्धत होती. कुठलंही नवीन साधन हातात आलं की आधी गोल काढायचा. आडवा मोजायचा, उभा मोजायचा. दोन्ही सारखे आले तरच त्या साधनाला हात लावायचा. काकांनी तेच केलं, आणि अंडं आलं.

"काका, रेघ तर चांगली आली," मी म्हटलं.

"रेघेचं काय घेऊन बसली? आडवा किती, उभा किती, दिसून नाही राहिलं का तुला? गेला हा हात. उगीच पैसे घालू नका."

काकूंनी पर्सची चेन लावली आणि पुन्हा उघडली.

मी स्क्रीनकडे नीट बघितलं. हात चुकला असता तर गोल वेडावाकडा झाला असता, कुठे फुगला असता, कुठे दबला असता. हा नुसता आडवा, दोन्ही बाजूंना सारखा ताणलेला होता. मला कारणाचा अंदाज आला. सेटिंगमध्ये एक टिक केली असती तर पुढचा गोल नीट आला असता. पण मी ते लगेच केलं नाही. मी केलं असतं तर काकांना वाटलं असतं, पोरीने दया येऊन कॉम्प्युटरकडून गोल करून घेतला.

मी एक कोरा कागद आणि पेन्सिल पुढे सरकवली. "ह्याच्यावर एक गोल काढा."

"कागद नको."

"मला मशीन चेक करायची आहे, काका. तुमचा हात नाही."

चेक म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. पेन्सिल धरली. डाव्या हाताने कागद दाबला. पेन्सिल कापत होती, रेघ आरीच्या दात्यांसारखी निघाली, पण हात न उचलता त्यांनी गोल पुरा केला. मग त्याच्याकडे न बघता कागद माझ्याकडे ढकलला.

"मोज."

"तुम्हीच मोजा ना."

"आपली ड्रॉइंग आपण चेक नाही करत. काढणारा एक, तपासणारा दुसरा. दोघांच्या सह्या असतात."

मी पट्टी घेतली. आडवा मोजला. उभा मोजला.

"सारखे आहेत."

"नीट मोज."

पुन्हा मोजलं. "सारखेच आहेत, काका."

"तिरपा?"

तिरपाही मोजला. पेन्सिलच्या जाडीएवढा फरक होता. मी तोही सांगितला, कारण लपवला असता तर त्यांनी बाकीचंही खरं मानलं नसतं. काकू पाठ फिरवून केबलच्या रॅककडे बघत उभ्या होत्या. त्यांना काही केबल घ्यायची नव्हती. काकांनी खिशातून चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला.

"मग तिकडे अंडं काहून आलं?"

पाटीचा आकार आणि मॉनिटरचा आकार सारखा नसतो. मॉनिटर जास्त रुंद असतो. कॉम्प्युटर पाटीवरचं सगळं ओढून मॉनिटरभर बसवतो, म्हणून गोल आडवा होतो. दोघांचं प्रमाण सारखं ठेवा, असं सेटिंगमध्ये सांगावं लागतं. मग पाटीची एक कड वापरात राहत नाही, पण गोल गोलच राहतो.

"अच्छा. म्हणजे पँटोग्राफची पट्टी चुकीच्या भोकात बसली होती."

"तेच."

"मग आधी सांगायचं ना."

काकू रॅककडे तोंड करूनच म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं तर तुम्ही लई ऐकलं असतं."

मी सेटिंगमध्ये ती टिक केली आणि काकांनी पुन्हा पेन धरला. या वेळी गोल नीट आला. रेघ कापरी होती. मी त्यांना अजून एक सोय दाखवली. ती चालू केली की हात कापला तरी रेघ सफाईदार उमटते. काकांनी एक रेघ ओढली. काचेसारखी आली. 

"ही कोणी काढली?"

"तुम्हीच."

"नाही. बंद कर ते. हात किती कापून राहिला, ते मला दिसलं पाहिजे. कमी झाला की कळंल तरी."

दुबेजींनी शेवटचा प्रयत्न केला. "अंकल, बड़ा वाला एक बार देख लेते."

"नहीं भैया, यही ठीक है," काका म्हणाले. "इसको हमने चेक कर लिया."

बिल होईपर्यंत काकांनी त्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट आखली, दोन खाने केले. एकात स्वतःची सही केली आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं. "तपासणारा. कर सही."

माझे बाबा अशाच एका फॅक्टरीत मजूर होते. ड्रॉइंग ऑफिस वरच्या मजल्यावर, तिथे जाण्याची त्यांच्यावर कधी वेळ आली नाही. खाली आलेल्या कागदांच्या कोपऱ्यातल्या सह्या तेवढ्या त्यांनी पाहिलेल्या. संध्याकाळी घरी जाऊन मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पूर्ण नाव लिहिलं ना?"

लिहिलं होतं.

उन्हाळा संपता संपता काकू पुन्हा दुकानात आल्या. बरोबर नुसता पेन आणला होता. "चालून नाही राहिला. पाटीवर खरखर करते."

पेनाच्या टोकाला प्लास्टिकची बारीक काडी असते, तिला निब म्हणतात. घासून झिजते, मग बदलायची. बॉक्समध्ये जादा निबा येतात. बहुतेकांच्या त्या पाकिटातच पडून राहतात. काकांची ही शेवटची होती आणि तिरपी, पार पेनाच्या तोंडापर्यंत झिजली होती.

मी निबांचं पाकीट मागवून दिलं. दुबेजी म्हणाले, "निब बेच के दुकान चलेगी?"

नाही चालणार. तरी आता कोणी स्वस्तातला टॅबलेट मागितला की मी प्रेशरचे आकडे सांगत बसत नाही. एवढंच सांगते, ज्याच्या निबा सुट्या मिळतात तो घ्या. टॅबलेट न वापरता वर्षानुवर्षं टिकतो. वापरला तर निब टिकत नाही.