डाव्या किनाऱ्यावरचा सौदा

माझ्या बायकोने आणि माझ्या मुलीने मिळून मला फसवलं. परक्या माणसाने नाही. परक्या माणसाची ती छाती नाही.

अल्फारेटात माझं दगडाचं दुकान आहे. स्वयंपाकघराचे ओटे, बाथरूमच्या फरश्या, जिन्याच्या पायऱ्या. या देशात मी आलो तो बायकोच्या व्हिसावर, काम करायची परवानगी नसलेला नवरा म्हणून. ग्रीन कार्ड हाती पडेपर्यंत घरी बसून पोळ्या लाटल्या आणि मग दुसऱ्यांच्या घरात गुडघे टेकून फरश्या बसवल्या. आज इथला कुठलाही घाऊक व्यापारी माझा फोन उचलण्याआधी खुर्चीत नीट सावरून बसतो. सौदा पक्का होईपर्यंत मी हसत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. अशा माणसाला भर मेजवानीत, झुंबरांच्या उजेडात, बँडच्या तालावर फसवलं. आणि फसवलं जात असताना मी नाचत होतो.

मुलगी रेडमंडला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तिचा फोन आला.

"बाबा, माझा एक कलीग आहे. अस्तानाचा, कझाकस्तान. त्याच्या पेरेंट्सनी आपल्याला इन्व्हाइट केलंय."

"आपल्याला कशासाठी?"

फोन स्पीकरवर होता. ती काही बोलायच्या आत बायको मध्ये पडली. "अहो, त्याच्या वडिलांचा दगडाचा व्यवसाय आहे म्हणे. तिकडे ग्रॅनाइट डोंगराएवढा पडलाय. तुम्हीच म्हणत होता ना, नवीन माल कुठून तरी आणला पाहिजे?"

म्हणत होतो. त्यामुळे गेलो. बॅगेत कपडे कमी आणि दगडाचे नमुने जास्त होते.

माझ्या डोक्यात कझाकस्तान म्हणजे धूळ, तंबू आणि घोडे. विमानतळावरून गाडी शहरात शिरली आणि मी काच खाली केली. नदीच्या डाव्या किनाऱ्यावर त्यांनी नवीच राजधानी उभी केली आहे. काचेचे उंच मनोरे, एक हिरवा होतो तोच शेजारचा जांभळा. कारंज्यांभोवती लोक असे फिरत होते की जणू शहरातल्या प्रत्येकाकडे आज कार्य आहे. नऊ वाजले होते आणि आभाळात अजून उजेड होता. अल्फारेटात या वेळेला रस्त्यावर पिझ्झा पोचवणारा तेवढा दिसतो. इथे बायका उंच टाचांच्या चपलांवर, झगमगत्या पोशाखात, कडेवर पोर घेऊन रेस्टॉरंटच्या पायऱ्या चढत होत्या.

"कुणाचं लग्न आहे का?" मी विचारलं.

"नाही हो बाबा. इथे लोक असेच बाहेर पडतात," मुलगी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

एका मनोऱ्याच्या तळमजल्यावर आमचं टेबल लावलं होतं. आतला थाट पाहून मला धक्काच बसला. एका बाजूला आजोबा पाव मोडून खात आहेत, दुसऱ्या बाजूला रंगीत दिवे फिरत आहेत, मधल्या मोकळ्या जागेत पोरंपोरी नाचत आहेत आणि त्यांच्यात डोक्याला रुमाल बांधलेली एक आजीबाई हात वर करून गोल फिरत आहे. क्लब म्हणावा तर पोरंबाळं, खानावळ म्हणावी तर बँड. आपल्याकडे आईवडिलांपासून लपून जिथे जातात, तिथे हे लोक आईवडिलांना घेऊन येतात.

मुलाचे वडील उंच, रुंद खांद्यांचे, शांत. दोन्ही हातांत माझा हात धरला आणि सोडेचनात. मुलाची आई सारखी माझ्या मुलीकडे पाहत होती. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ते बोलायचे, मुलगा माझ्या मुलीच्या कानात इंग्रजीत सांगायचा, आणि त्या गोंगाटात ती मला मराठीत ओरडून सांगायची. माझ्या सौद्यातला दुभाषा माझ्याच रक्ताचा होता, म्हणून मी निर्धास्त.

चहा आला. वाटीएवढ्या कपात जेमतेम अर्धा. मी बायकोला म्हटलं, "माणूस चिकट दिसतोय. चहात हात आखडतो तो भावात काय सोडणार?"

मुलीने ऐकलं. "बाबा, अर्धा म्हणजे मान असतो. परत परत ओतता यावा म्हणून. पूर्ण भरला तर समजायचं, उठा आता. प्लीज, जस्ट स्माइल करा."

"स्माइल नंतर. आधी खाण कुठे आहे ते विचार."

तिने काय विचारलं देव जाणे. ते गृहस्थ छातीवर हात ठेवून बराच वेळ बोलले. मुलगी म्हणाली, "म्हणतात, आजपासून दोन घरं एक झाली तर त्यांना फार आनंद होईल."

व्यापारात इतकी गोड सुरुवात कोणी केली की मी सावध होतो. चेहरा दगडासारखा ठेवला.

मग एकेकाने उभं राहून बोलायचं सुरू झालं. तिथे कोणी नुसता ग्लास उचलून पीत नाही, आधी चार शब्द मनापासून बोलावे लागतात. काका बोलले, मामा बोलले, एक मावशी बोलता बोलता गायली. माझी पाळी आली. मी सफरचंदाचा रस हातात घेऊन उठलो आणि बॅगेतला काळा नमुना टेबलावर ठेवला.

"मला एकच सांगायचंय," मी म्हटलं. "मला दिखाऊ काही नको. वरून चकचकीत आणि आतून भेगाळलेलं, असं मी खूप पाहिलंय. ऊन, पाणी, तेल, हळद, सगळं अंगावर घेऊन जे वर्षानुवर्षं टिकतं, तेच मी माझ्या घरात घेतो. तुमच्याकडे तसं असेल तर पुढे बोलू."

मुलीने ते मुलाला इंग्रजीत सांगितलं, मुलाने घरच्यांना. मुलाची आई रुमालाने डोळे पुसायला लागली. वडिलांनी तो नमुना उचलून छातीशी धरला. मी बायकोला म्हटलं, "धंदा पुष्कळ पाहिला, पण दगडासाठी रडणारी माणसं पहिल्यांदा पाहतोय."

बायको ताटाकडे पाहत होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, तिलाही गहिवरून आलं.

त्यानंतर मांस आलं. आधी घोड्याचं. मी सगळं खातो, पण घोडा म्हटल्यावर बशी हळूच बायकोकडे सरकवली. मग एका लहान बशीत मेंढीची कलेजी आणि तिच्या शेपटीची पांढरी चरबी. टेबलावरचे सगळे बोलायचे थांबले. त्या गृहस्थांनी स्वतःच्या हाताने घास माझ्या तोंडात घातला. मी चकित! धंद्यात मला कोणी इतक्या जवळ येऊ दिलेलं नाही आणि मीही कोणाला येऊ देत नाही. पण मुलगी म्हणाली, "बाबा, आता तुम्ही त्यांना भरवा." भरवला. टाळ्या पडल्या. मुलाच्या आईने एक डबी उघडली आणि माझ्या मुलीच्या कानांत सोन्याच्या रिंगा घातल्या. मनात म्हटलं, खाणवाले दिलदार आहेत.

आणि बँडने ताल बदलला. त्या गृहस्थांनी मला हाताला धरून मधल्या मोकळ्या जागेत ओढलं. सगळे उभे राहिले आणि माझ्याकडे हात करून ओरडायला लागले, "कुदा! कुदा! कुदा!"

माझ्या भाषेत याचा एकच अर्थ आहे. मी कुदलो. ते जितक्या जोरात ओरडले तितका उंच कुदलो. ते गृहस्थही कुदले. आजीबाई कुदल्या. बायको खुर्चीत बसून पोट धरून हसत होती आणि मुलगी रडत होती. मी त्यांना हात करत होतो, या ना, म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी मी भावाचं काढलं. मुलगी म्हणाली, "बाबा, इथे घाई केलेली आवडत नाही." ते मला पटलं. घाई मलाही आवडत नाही. आम्ही परत आलो.

आठवड्याभराने अल्फारेटातल्या देशी किराणा दुकानात मी कढीपत्ता निवडत होतो. इथल्या मराठी मंडळातला एक पुण्याचा मुलगा मागून आला आणि सरळ पाया पडला.

"काका, काँग्रॅच्युलेशन्स! काय नाचलात यार! पूर्ण मंडळात व्हायरल आहात तुम्ही."

"कशाबद्दल अभिनंदन?"

"म्हणजे काय काका! एंगेजमेंट!" त्याने फोन पुढे केला. फोनवर मी कुदत होतो. खाली माझ्या मुलीने इंग्रजीत लिहिलं होतं, माझे बाबा आणि माझे होणारे सासरे. "त्यांच्यात व्याह्यांना कुदा म्हणतात, खाली कमेंटमध्ये लिहिलंय ना. ते तुम्हाला 'व्याही, व्याही' म्हणतायत आणि तुम्ही त्यावर उड्या मारताय. टायमिंग काय जबरदस्त आहे काका!"

कढीपत्ता तिथेच टाकून मी गाडीत जाऊन बसलो. गाडी सुरू करायचं सुचेना. कलेजी आणि चरबी एकमेकांना भरवली की सोयरीक पक्की, त्यांच्याकडे त्यापुढे शब्द फिरवत नाहीत, हे मी तिथेच फोनवर वाचलं. रिंगा कानात घातल्या की मुलगी त्या घरची. म्हणजे माझ्या मुलीचं लग्न माझ्या देखत, माझ्या हातून ठरलं होतं आणि मी मात्र दगडाच्या भावाची वाट पाहत होतो.

घरी आलो तर बायको मटार सोलत होती.

"तो माणूस खाणवाला आहे का?"

तिने मान वर केली नाही. "दातांचे डॉक्टर आहेत."

"आणि मी त्याच्यासमोर भेगांवर भाषण केलं!"

"फार सुंदर बोललात. त्यांनी तो दगड दिवाणखान्यात ठेवलाय. शेजाऱ्यांना दाखवतात."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं?" आता ती उसळली. "तुम्ही त्या मुलाला समोर बसवून घाम फोडला असता. पगार, आजोबांचं दुखणं, धर्म, सगळं उकरलं असतं आणि शेवटी म्हणाला असता, 'बघू'. तुमचं 'बघू' मी जन्मभर ऐकलंय. सोफा घ्यायला आपल्याला किती वर्षं लागली?"

"मुलगी म्हणजे सोफा आहे का?"

"तेच तर म्हणतेय मी!"

मी मुलीला फोन लावला. "आय वॉज गोइंग टू टेल यू, बाबा," ती म्हणाली. "कधी?" मी विचारलं. पलीकडून पावसाचा आवाज येत होता.

कोणी वाकडा अर्थ काढू नये म्हणून सांगून ठेवतो: मुलगा चांगला आहे. तो माझ्या मुलीच्या कानात बोलायचा तेव्हा आधी तिचं बोलणं संपू द्यायचा, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. त्याच्या वडिलांनी मला फसवलं नाही, त्यांना वाटलं मला सगळं माहीत आहे. दर रविवारी ते व्हिडिओ कॉलवर छातीवर हात ठेवतात आणि मीही ठेवतो. त्यांच्यावर चिडायची माझी इच्छा नाही. यंदा हिवाळ्याआधी लग्न आहे आणि मी जाणार आहे.

पण मला कोणी विचारलं नाही. हो म्हणायची संधी बापाला एकदाच येते, ती माझ्याकडून काढून घेतली आणि तिच्या जागी माझा व्हिडिओ ठेवला. मायलेकी म्हणतात, तुम्ही नाही म्हणाला असता. असं तुम्हाला कोणी सांगितलं? मी बोललो होतो? तुम्ही विचारलं होतं? लग्नाच्या आधी दोघींनी माझ्यासमोर बसायचं, फोनवर नाही, इंग्रजीत नाही, आणि मला सांगायचं: माझं उत्तर तुम्ही कोणत्या अधिकाराने ठरवलंत?