जुना नाय, नांदलेला

कुठलंही कपाट उघडण्याआधी ते त्याच्या दारावर बोटाने टकटक करायचे. मग जरा कान देऊन थांबायचे आणि मगच कडी काढायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा भलताच भाविक दिसतो.

"आत कोण आहे?" मी गमतीने विचारलं.

"पाल," ते म्हणाले. दार उघडलं आणि खरोखरच एक गलेलठ्ठ पाल निघून भिंतीवर गेली. "न वाजवता उघडला तं अंगावर येते. तिचा पन घरच हाय ना तो."

माणिकपूरहून वसई गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला, एका स्कूटर दुरुस्तीच्या दुकानामागे त्यांची पत्र्याची शेड होती. वसईतली जुनी घरं एकेक करून बिल्डिंगीला जात होती, आणि त्या घरांतलं जे जे लिफ्टमध्ये मावत नव्हतं ते या शेडमध्ये येऊन उभं राहत होतं. ख्रिस्ती घरांतली काचेची कपाटं, त्यांच्या माथ्यावर कोरलेले द्राक्षांचे वेल. वाडीवाल्यांची सागवानी फडताळं. आरसा गेलेलं एखादं ड्रेसिंग टेबल, त्यात स्वतःला बघायला गेलं की मागची भिंत दिसायची. आधी ते मिठागरात कामाला होते. मिठागर बंद पडलं तेव्हा कुणाच्या तरी पाडायच्या घरातलं एक कपाट त्यांच्या गळ्यात पडलं. ते विकलं गेलं आणि धंदा सुरू झाला, असं ते सांगायचे.

त्यांच्या बोलीत पाण्याचं पानी होतं आणि नपुंसकलिंगाला जागा नव्हती. घर मोठा, दूध गरम, कपाट काळा. मी शाळेत चित्रकला शिकवते, व्याकरण नाही, त्यामुळे मला ते फार आवडायचं. गंमत पुढेच होती. गिऱ्हाईक मनात भरलं की त्याच कपाटाची एकदम मुलगी व्हायची. "हिला जरा उजेडाला ठेवा," "हिचा पाय नाजूक हाय."

'जुनं' हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. मुंबईहून कुणी गाडीतून यायचं, गॉगल कपाळावर चढवून विचारायचं, "काका, हे किती जुनं?" की ते लगेच मान हलवायचे.

"जुना नाय. नांदलेला."

समोरच्याला कळायचं नाही. मग ते समजावत. जुनं म्हणजे टाकलेलं. हे कपाट एका घरात सुखाने राहिलं, त्याने लोकांचे कपडे, भांडी, रुसवेफुगवे सांभाळले, सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या, म्हणून ते नांदलेलं. कारखान्यातून आलेलं नवीन कपाट म्हणजे काय, तर अजून कशातच काही नाही. तुम्ही म्हणाल, विक्रेत्याची युक्ती. मलाही तसंच वाटलं होतं, पण ते आमच्या घरी आले आणि माझं मत बदललं.

हो, घरी आले. घर बघितल्याशिवाय ते कपाट देत नसत. मला एक काचेचं कपाट आवडलं होतं आणि सासूबाईंना लोखंडी हवं होतं. त्यामुळे त्या दिवशी घरात आधीच हवा गरम होती. आल्या आल्या त्यांनी भिंतीला तळवा लावून ओल पाहिली. पावसाची झड कुठल्या खिडकीतून येते ते विचारलं. चहा घेतला. मग एकदम म्हणाले, "घरात भांडन होते का?"

"कुणाच्या होत नाही?" सासूबाई म्हणाल्या.

"ता चालते. पन भांडताना दारा आपटता का?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

ते माझ्याकडे वळून फार गंभीरपणे म्हणाले, "बाई, आपटायचा झाला तं खोलीचा दार आपटा. हिचा नको. हिची काच बेल्जमची हाय."

कपाट आलं. महिन्याभराने एका रविवारी बेल वाजली. दारात ते, आणि त्यांच्यामागे लुगडं नेसलेल्या एक ख्रिस्ती आजी, चर्चमधली मिस्सा आटोपून तशाच आलेल्या. "हिच्या माहेरची मानसा," त्यांनी कपाटाकडे बोट दाखवून ओळख करून दिली. आजींनी येताना सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी आणली होती. त्यांनी कपाटाच्या कडेवरून हात फिरवला, खणातल्या आमच्या बरण्या बघितल्या आणि समाधानाने बसल्या. सासूबाई त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेल्या, आणि त्यानंतर लोखंडी कपाटाचा विषय घरात निघाला नाही.

इतकं सगळं करून दिलेलं कपाट परत मात्र ते कधी घेत नसत. दुकानदार 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी लावतात. यांची पाटी तोंडी होती. "पोर एकदा दिली का दिली. आता तिनी तिथंच नांदायचा." विरारच्या एका टॉवरमधलं तरुण जोडपं त्यांच्याकडे हात जोडत आलं होतं. हौसेने मोठं कपाट नेलं होतं, आता त्यांना घर अंगावर आल्यासारखं वाटत होतं. पैसेही परत नको म्हणत होते, फक्त घेऊन जा. यांनी ऐकलं नाही. "पयल्यांदा सगल्यांनाच जड जाते. कळ काढा. सवय व्हईल." ते दोघं चेहरे पाडून गेले. शेडमध्ये बसलेले आम्ही सगळे हसलो.

त्यांची मुलगी पालघरच्या पलीकडे दिली होती. लग्नाला मी जाऊन आले होते. पुढच्या वर्षी, कपाटाची बिजागरी सैल झाली म्हणून मी शेडमध्ये गेले, तर ती तिथे एका स्टुलावर बसून पॉलिश पेपरने एक फळी घासत होती. कोपऱ्यात तिची बॅग.

"चार दिवस आलीय," मी न विचारताच ते म्हणाले. "माहेरपनाला."

गणपती झाले, दिवाळी झाली, चार दिवस काही संपेनात. दर वेळी मी गेले की ते तेच सांगायचे आणि ती मान वर न करता घासत राहायची. ते नसताना एकदा तिने मला आपणहून सांगितलं. ती माझ्याशी शाळेतल्या मुलींसारखं शुद्ध बोलायची. "मारत नव्हते, बाई. खोटं कशाला बोलू. बोलतच नव्हते. घरात चार माणसं, आणि माझ्याशी कोणी नाही. जेवण वाढायचं, ताटं उचलायची. मी आहे की नाही तेच मला कळेना." मग फळी उलटवत म्हणाली, "बाबा परत पाठवतील बहुतेक. त्यांचं तुम्हाला माहितीय ना."

मला माहीत होतं. अख्ख्या वसईला माहीत होतं.

आणि एके दिवशी सासरची माणसं आली. मी तिथे होते हा योगायोग. निघायला हवं होतं, पण दारात तीच माणसं उभी होती, वाट नव्हती. जावई होता, तो सगळा वेळ मोबाईल बघत होता. बोलायला त्याचा चुलता आणला होता. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं अगदी गोड. मुलीला कुणी हात लावला का? नाही. उपाशी ठेवली का? नाही. मग लोक काय म्हणतील, तुम्ही शहाणे आहात, असं बराच वेळ चाललं. हे खाली बघून ऐकत होते. मुलगी एका फडताळाच्या आड उभी होती. मला फक्त तिचे पाय दिसत होते.

शेवटी चुलता हसला. "आनि भाऊ, तुमी तं सगल्या गावाला सांगता. पोर दिली का दिली. तुमचाच शब्द हाय ना?"

त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. स्वतःच्याच घरात माणूस ठेचकाळावा तसे ते थबकले. बाहेर स्कूटरवाला एक इंजिन रेटत होता. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला हो, काहीतरी बोला.

"माजाच शब्द हाय," ते सावकाश म्हणाले. "पन ता मी लाकडाचा बोललो. माजी पोर लाकडाची नाय."

चुलता पुन्हा काही बोलणार, तोच ते उठले आणि तिची बॅग, जी इतके महिने कोपऱ्यात तशीच भरून पडली होती, ती उचलून मागच्या राहत्या खोलीत नेऊन ठेवली. पाहुण्यांना पाणी विचारलं. ते न पिता गेले. मी घरी गेले आणि सासूबाईंना सांगताना रडले, त्याही रडल्या.

दुसऱ्याच आठवड्यात ते टेम्पो घेऊन विरारला गेले. त्या जोडप्याचं कपाट परत आणायला. आपण इतके दिवस त्यांना उगाच छळलं असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. पण तिथे पोहोचले तर दोघांनी कपाट द्यायला साफ नकार दिला. मधल्या काळात त्यांना बाळ झालं होतं आणि कपाटाचा खालचा खण दुपट्यांनी भरला होता. "काका, तुमचंच खरं झालं," म्हणे. "सवय झाली."

रिकामा टेम्पो घेऊन ते परत आले. हा किस्सा ऐकून मी हसायला लागले, तर ते हसले नाहीत.

"लाकडाचा वेगला असते, बाई," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून 'नांदलेला' हा शब्द त्यांनी सोडला. तुम्ही कधी आयुष्यभराचा शब्द सोडून बघा म्हणजे कळेल. गिऱ्हाईक विचारायचं, किती जुनं? ते म्हणायचे, "जुना नाय..." आणि तिथेच अडायचे. आत मुलगी काम करत असायची. मग इकडे तिकडे बघत दुसरा शब्द शोधायचे. एकदा 'वापरलेला' म्हणून पाहिलं. मी म्हटलं, हे टूथब्रशसारखं वाटतं. मग 'मुरलेला'. मी म्हटलं, लोणचं. माझ्यावर चिडले. अखेर 'घर बघितलेला' असं काहीतरी ठरलं, पण त्यात जुनी ऐट नव्हती, हे त्यांनाही कळत होतं.

एकदा तीच आतून म्हणाली, "बाबा, बोला ना तो शब्द. मना काय वाटत नाय."

"मना वाटते," ते म्हणाले आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळले.

हळूहळू शेड तिच्याकडे गेली. ती मोबाईलवर कपाटांचे फोटो टाकायची, टेम्पोवाल्यांशी भांडायची, घरं बघायलाही तीच जायची. ते दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तिच्या कामात चुका काढायचे. त्यांना धाप लागायची. डॉक्टर चालायला सांगायचे आणि ते खुर्ची शेडच्या या दारातून त्या दारात नेऊन 'झाला चालून' म्हणायचे. गेल्या वर्षी नवरात्रात ते गेले.

मला मात्र ते आठवतात ते त्याआधीच्या एका दुपारचे. मी त्यांच्याजवळ चहा घेत बसले होते. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एक काकू आत डोकावल्या. मुलीचे पॉलिशने काळे झालेले हात बघून त्यांनी कौतुकाने यांना विचारलं, "लेक वाटतं? माहेरी आलीय?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. 'चार दिवस' म्हणायला त्यांचं तोंड सवयीने उघडलं.

"नाय ओ मावशी," कपाटामागून तिचाच आवाज आला, हातातलं काम न थांबवता. "सासर हाय तिला माहेर असते. मी इथंच रायते. हा माजा घर हाय."

काकूंनी बरं म्हटलं आणि त्या एका आरशाची किंमत विचारू लागल्या. यांनी उघडलेलं तोंड मिटलं. कपातला चहा बशीत ओतला, ओतताना थोडा मांडीवर सांडला. मी रुमाल पुढे केला, तो त्यांना दिसला नाही. बशी दोन्ही हातांत धरून ते तसेच बसले होते. चहावर साय धरली तरी त्यांनी ती तोंडाला लावली नाही.