शेंडे सर आणि अनसूयाबाईंचं मत

गोंदिया जिल्हा झाला त्याच वर्षी, एकोणीसशे नव्याण्णवच्या लोकसभेच्या तोंडावर, आमगावच्या कॉलेजात प्राध्यापक शेंडे सरांची आणि माझी पहिली भेट झाली. राज्यशास्त्राच्या तासाला त्यांनी विचारले, "माणूस मत कशासाठी देतो?" मी उठून म्हणालो, "जात पाहून." सर रागावले नाहीत. "विचारून आलास का?" एवढेच म्हणाले आणि कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला.

सरांची पद्धत साधी होती आणि जीव काढणारी होती. मतदान झाले की गावोगाव जायचे. मत कोणाला दिले हे विचारायचे नाही, कशासाठी दिले ते विचारायचे. धानाचा भाव, राशन, रस्ता, लोडशेडिंग, जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहायचे. महिन्याभराने पुन्हा त्याच घरी जाऊन लिहिलेले वाचून दाखवायचे. "शहाणे ते, आपण कारकून," असे सर म्हणत. दोन लोकसभांचे फॉर्म जमले की पुस्तक करायचे ठरले होते. नागपूरचे एक प्रकाशक तयारही होते.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात मी थकलो. हे मी आजवर चारचौघांत बोललेलो नाही. सडक अर्जुनीच्या अलीकडे एका ढाब्यावर, खाटेवर बसून, मतदारयादीतली नावे पाहून मी पुढच्या गावाचे उरलेले फॉर्म स्वतःच भरून टाकले. भाग धानाचा, म्हणून बहुतेकांपुढे 'धानाचा भाव' लिहिले आणि लस्सी पिऊन घरी आलो.

महिन्याने सर मला घेऊन त्या गावी गेले. अनसूयाबाई नावाच्या मजूर बाईंच्या अंगणात त्यांनी फॉर्म वाचला. बाई आधी हसल्या, मग चिडल्या.

"धानाचा भाव? मायाजवळ वावर कुठी हाय जी? मी दुसऱ्याच्या बांधीत धान रोवन्याले जातो. धान महाग झाला तं तांदूळ महाग होते, मंग मी काय खाऊ? मत तं मी राशनसाठी देलं. हे कोनं लिवलं?"

"आमची चूक झाली, बाई," सर म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही.

परतीच्या एसटीत मी सगळे कबूल केले. पण माझ्या फॉर्मांतले खरे किती, खोटे किती, हे मलाही सांगता येईना. सरांनी त्या वर्षीचा अख्खा गठ्ठा माळ्यावर टाकला आणि प्रकाशकांना कळवले, "मतदार अजून नीट समजला नाही." पुढे त्यांच्याच शिफारसपत्रावर मी त्याच कॉलेजात लागलो. स्टाफरूममध्ये 'रद्दीवाले सर' म्हणून त्यांची टिंगल व्हायची, तेव्हा मी खाली मान घालून चहा प्यायचो. सरांनी माझे नाव कधीच घेतले नाही. पुस्तक राहिले ते राहिलेच.

आता निवडणूक आली की मलाच पत्रकारांचे फोन येतात, "सर, तुमच्याकडचं जातीचं गणित सांगा." त्या प्रश्नाचा मला मनापासून वीट आला आहे. पण ढाब्यावर बसून, कोणालाही न विचारता, मीही तेच केले होते, मग रागवायचे कोणावर?

हा लेख मी आधी सरांना दाखवला. पंचाहत्तरीतही त्यांनी तो पेन्सिल घेऊन वाचला. "छाप," म्हणाले, "पण आधी बाईंना वाचून दाखव."

म्हणून मी गेलो. अनसूयाबाईंनी डोळे मिटून सगळे ऐकले. "आता बराबर हाय," त्या म्हणाल्या. "पन सरजी काऊन नाही आले?"

गुडघे धरले आहेत, असे मी सांगितले.

"बरे झाले का मंग घेऊन ये. मी कुठी जाऊन राहिली?"

पुढच्या उन्हाळ्यात लोकसभा आहे. सरांना उदंड आयुष्य मिळो आणि त्यांच्या गुडघ्यांना बळ येवो. फॉर्म मी भरून आणीन, दारोदार विचारून. त्या अंगणात ते वाचून दाखवायला मात्र सरच हवेत.