बटण दाबण्याआधी वाचणाऱ्या बाई

"थांब बाबू, काय म्हणून राह्यलं ते वाचू दे आधी."

चष्मा नाकाच्या शेंड्यावर, उजव्या हाताचं बोट माऊसच्या वर अधांतरी, अन् डोळे स्क्रीनवर आलेल्या चौकटीत. संगणक काही विचारायला लागला की बाई अशा थांबायच्या. बाकीचे गुरुजी अशी चौकट आली की माशी हाकलावी तसं 'ठीक आहे' दाबून मोकळे. खरं सांगा, तुम्ही तरी वाचता का? मीही वाचत नाही, अन् मी तर शिकवणारा होतो.

एका संस्थेनं आमच्याकडच्या जंगलपट्टीतल्या छोट्या शाळांना संगणक दिले होते. एक मशीन, एक प्रोजेक्टर, अन् वीज गेली तर थोडा वेळ तग धरायला यूपीएस. त्याला सगळे 'संच' म्हणत. शिक्षकांना तो चालवायला शिकवायचं काम माझं. मी गोंडपिपरीच्या शाळेत शिकलेला. तिथं मार्कांसाठी मला कोणी ओळखत नव्हतं, नकलांसाठी सगळे ओळखत. आरमोरीच्या गटसाधन केंद्रात प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मी हॉलमध्ये शिरलो, तर समोर माझ्या बापाच्या वयाचे गुरुजी हाताची घडी घालून बसलेले. त्यातच खिडकीजवळच्या मशीनवर या बाई. डब्याची पिशवी मांडीवर, पदर खोचलेला, जसं काही वावरात धानाच्या रोवणीला आल्या.

पहिला धडा फाईल काढून टाकण्याचा. मशीननं विचारलं, "तुम्हाला ही फाईल नक्की काढून टाकायची आहे का?"

बाई खुर्चीत मागं टेकल्या.

"नक्की म्हणजे... आता तं काढावं वाटून राह्यलं. उद्या लागली तं?"

"बाई, ती खोटी फाईल आहे. सरावासाठी मी बनवली."

"तरी पण. मेहनतीनं बनवली असशीन."

सगळा हॉल खोळंबला. शेवटी मी सांगितलं की माझ्याकडे अशा ढीगभर फाईली आहेत, तेव्हा कुठं बाईंनी 'होय' दाबलं. अन् वर माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही माझ्या घरातलं माणूस गेलं.

दुसऱ्या एका चौकटीनं विचारलं, "तुम्हाला खात्री आहे का?" बाई तिला मोठ्यानं म्हणाल्या, "खात्री असती तं मी इथी काऊन आली असती?"

आम्ही मशीनवरचं सगळं मराठीत केलं होतं, तोच घोळ झाला असं मला वाटायचं. इंग्रजीत असतं तर बाईंनी गपगुमान दाबलं असतं. हे मी त्यांना म्हणूनही पाहिलं.

"मंग तुले विचारलं असतं, काय लिहलं हाय ते," बाई म्हणाल्या. "आणखी वेळ लागला असता तुले."

आता माझ्यासारख्या माणसाला अशी बाई मिळाली, तर तो सोडणार आहे का? जेवणाच्या सुट्टीत मी खुर्चीवर बसलो, कोणाचा तरी चष्मा नाकावर उतरवला, बोट अधांतरी धरलं अन् बाईंच्या आवाजात "थांब बाबू" म्हणालो. गुरुजी लोक भाकर हातात धरून हसत सुटले. मग हळूहळू हसणं थांबलं. दारात बाई उभ्या.

त्या माझ्यासमोर येऊन बसल्या, पोरगा पाढे म्हणताना ऐकावं तशा.

"पुन्हा कर."

मी केलं. दुसरं करणार काय?

"आवाज बरोबर हाय. पण तू वाचून नाई राह्यला. नुसता थांबून राह्यला. डोळे फिरव, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत."

मी डोळे फिरवले.

"आता जमलं," म्हणाल्या अन् हात धुवायला निघून गेल्या. माझी नक्कल दुरुस्त करणारं माणूस मला आधी भेटलं नव्हतं, नंतरही नाही.

वाचण्याचं हे काय आहे, ते त्यांनी एकदा बसस्टँडवर सांगितलं. मी नेहमीसारखी थट्टा केली, की बाई, तुम्ही एसटीचं तिकीटही वाचत असाल. त्या म्हणाल्या, "मी नाई. माझा बाप." बाप दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणी करणारा. गावच्या विहारात लोकांनी म्हाताऱ्यांसाठी वर्ग काढला, तिथं उतारवयात अक्षरं शिकला. मग जे दिसेल ते वाचत सुटला. तिकीट दोन्ही बाजूंनी, खताचं पोतं, औषधाची बाटली, लग्नपत्रिकेतली खालची बारीक नावंसुद्धा. "पोरं हसत त्याले. तो म्हणे, इतके दिवस हे सारे माह्यासंग बोलून राह्यले होते, अन् मले ऐकूच येत नव्हतं." एवढं सांगून बाईंनी समोर लागलेल्या बसची पाटी वाचली. चामोर्शीची होती, त्यांची नव्हती.



बाईंची शाळा तळ्याकाठच्या एका गावात, चौथीपर्यंतची. दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी, म्हणून चारही वर्ग बाईंकडेच. गाव बहुतेक ढिवरांचं, तळ्यात मासे धरून अन् थोडी धानाची शेती करून राहणारं. शाळेच्या कुंपणावर जाळी वाळत घातलेली असायची. चौथीनंतर पोरं बाजाराच्या गावातल्या मोठ्या शाळेत जात. तिथं गेलेली एक पोरगी बाईंना येऊन सांगून गेली होती. सर म्हणाले, ज्याले कॉम्प्युटर येते त्यानं पुढं या, तर आपल्या गावचे सगळे मागच्या मागं सरकले, भिंतीपर्यंत.

"भिंतीपर्यंत, बाबू," बाई मला म्हणाल्या. "तेवढ्यासाठी आली मी."

अन् संस्थेची अट अशी होती, की शिक्षकाला स्वतः चालवता आलं तरच संच त्या शाळेत राहील. नाहीतर तो मोठ्या शाळेला जाईल, जिथं आधीच संगणकाची खोली होती.

परीक्षा शेवटच्या दिवशी. चार ओळी टाईप करा, खाली चित्र लावा, फाईल जतन करा, बंद करा, पुन्हा शोधून प्रोजेक्टरवर दाखवा. सोपं होतं. हॉलमध्ये मात्र सगळे एकमेकांच्या स्क्रीनवर वाकलेले, कुजबुज चाललेली, मी फिरून फिरून बोट दाखवत होतो. बाईंचं चित्र कुठंतरी हरवलं. त्यांनी विचारलं, मी कोपऱ्यावर बोट ठेवलं. बस, एवढंच. बाकी सगळं त्यांनी केलं.

शेवटी चौकट आली. "ही सर्व कामे तुम्ही कोणाच्याही मदतीशिवाय केलीत का?" खाली 'होय' अन् 'नाही'.

हॉलभर 'होय' 'होय' दाबल्याचे आवाज, फुटाणे फुटावे तसे. बाईंनी डोळे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नेले अन् 'नाही' दाबलं.

मशीननं त्यांना नापास केलं.

आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या सगळ्या शाळा ज्यांच्या हाताखाली असतात ते साहेब, धावत आले. त्यांचं बोलणं मी आजही हुबेहूब काढतो, अर्धं नाकातून अन् अर्धं घड्याळाकडे पाहून.

"बाई! एक बटण! एक बटण दाबायचं होतं!"

"दाबलं ना, साहेब."

"दुसरं दाबायचं होतं!"

"त्यानं विचारलं, मदत घेतली का. ह्या पोराची घेतली. मंग?"

"अहो, कोण पाहून राह्यलं?"

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाल्या, "दुसऱ्याच्या पाटीत पाहून लिहणाऱ्याले मी जागा बदलून बसवते, साहेब."

हॉलमध्ये काही गुरुजींना एकदम आपापल्या पिशव्या आवरायच्या आठवल्या. मला मात्र बाईंचा रागच आला होता. भिंतीला टेकलेल्या त्या पोरांचं काय? मी तसं बोललोही. त्या म्हणाल्या, "तेच तं. पुन्हा घे परीक्षा."

साहेबांनी महिन्याभराची मुदत दिली, अन् माझ्याकडे वळून नाकातून म्हणाले, "परीक्षा तिथंच घे, शाळेत. अन् टेम्पो घेऊनच जा. पास झाल्या तर रिकामा आण. नाही तर सामान भरून आण. दोन चकरा कोण मारेल? वेळ नाही."

म्हणून मी टेम्पोत बसून परीक्षा घ्यायला गेलो. असा परीक्षक तुम्ही पाहिला नसेल. आम्ही शाळेपुढं थांबलो अन् ड्रायव्हरनं मागचा फाळका खाली सोडला. पोरांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी टेम्पोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी आधी दोनदा आलो तेव्हा 'भाऊ, कोंबडा करा, साहेब करा' म्हणून अंगावर चढणारी पोरं, त्या दिवशी एकानंही नकलेची फर्माईश केली नाही.

बाई मशीनपुढं बसल्या. पोरांना त्यांनी बाहेर काढलं, तर ती सगळी खिडक्यांना लटकली. महिनाभर शाळा सुटल्यावर बाई पोरांना घेऊनच सराव करत होत्या. त्यामुळे सगळी उत्तरं खिडकीत होती.

चार ओळी झाल्या. चित्र डोंग्याचं, तळ्यात चालतो तसल्या. तेही लागलं. मग बाईंचा बाण स्क्रीनवर हिंडायला लागला. जतन करायचं कुठं, ते आठवेना. खिडकीतली एक बारकी पोरगी वळवळायला लागली. "बा..."

दोघांनी तिचं तोंड दाबलं. बाईंनी मान वळवली नाही.

"कोणी बोललं तं मले पुन्हा 'नाही' दाबा लागन. मंग टेम्पो उभाच हाय."

खिडक्यांमध्ये सगळ्यांचे हात आपापल्या तोंडावर गेले. इतकी शांत शाळा मी पाहिली नाही. अन् नेमकी तेव्हाच वीज गेली.

यूपीएस टीं टीं करायला लागला. ती बॅटरी जुनी होती, मला माहीत होतं. अजून काहीच जतन झालं नव्हतं. बाईंच्या समोर चौकट आली, बॅटरी कमी असल्याची.  कोणी झालं तरी आधी फाईल वाचवेल की नाही? बाईंनी चष्मा खाली घेतला अन् ती चौकट वाचली. पूर्ण. पूर्णविरामापर्यंत. मी छताकडे पाहत राहिलो, कारण तोंड उघडलं असतं तर मीच त्यांना नापास केलं असतं.

"काम जतन करा म्हणून सांगून राह्यलं," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "अन् खाली बटणही देल्लं हाय."

त्यांनी ते दाबलं. झालं जतन. फाईल बंद केली, पुन्हा शोधली. वीज आल्यावर डोंगा भिंतीवर मोठा दिसला, तेव्हा खिडकीतून पोरांचा श्वास सुटलेला ऐकू आला.

शेवटची चौकट. बाईंनी वाचली अन् खिडकीकडे वळल्या.

"कोणी सांगतलं का रे मले काई?"

"नाई बाईऽऽ!"

मग माझ्याकडे. "अन् तू? तोंडानं नाई बोलला. डोळ्यानं?"

"बाई, मी पाली पाहून राह्यलो होतो. तुमच्या छताले लय पाली आहेत."

बाईंनी 'होय' दाबलं.

त्या उन्हाळ्यात बाई रिटायर झाल्या अन् चंद्रपूरला मुलाकडे राहायला गेल्या. त्यानंतर भेट नाही. शाळेत आता नवे गुरुजी आहेत. संच तिथंच आहे. कधीमधी काही बिघडलं की मी जातो, अन् पोरं मला साहेबांची नक्कल करायला लावतात. बाईंची करा असं कोणी म्हणत नाही, अन् मीही काढत नाही.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलंच. आम्ही बाहेर आलो, तर ड्रायव्हर कानातली बिडी काढत म्हणाला, "भराचं का सामान?"

"नाई, भाऊ," बाई म्हणाल्या. "चहा घ्या."

चहा झाला. त्यानं फाळका लावायला घेतला, तेव्हा बाई टेम्पोजवळ गेल्या. आत ठेवलेले दोर अन् सामान गुंडाळायच्या चादरी त्यांनी पाहिल्या.

"रिकामाच चालला का?"

"हो ना, बाई. एवढं डिझेल जाळून."

"मंग ह्या पोट्ट्याईले तळ्याच्या पाळीपर्यंत सोडा. हळू न्या."

पोरं कधी चढली ते दिसलंच नाही. सगळी शाळा टेम्पोत, चादरीवर गच्च बसलेली. पहिल्या गिअरमध्ये, पायी चालणाऱ्या माणसानं मागं टाकावं इतक्या हळू आम्ही पाळीपर्यंत, म्हणजे तळ्याच्या बांधापर्यंत आलो. टेम्पो थांबला, पण एकही जण उतरेना. मी मागं वळून पाहिलं. शाळेच्या दारातून बाई हात हलवत होत्या. उतरा म्हणत होत्या की जाऊ द्या म्हणत होत्या, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं, आपल्याला हवा तो अर्थ घेतला, अन् टेम्पो पाळीवरून तळ्याच्या पलीकडच्या अंगाला वळवला.