चौथा नमुना

"तोंड दिसतंय का?" असं विचारत सर इलेक्ट्रोड विद्यार्थ्याच्या नाकासमोर धरायचे. इलेक्ट्रोड म्हणजे पेन्सिलीएवढी कांडी, टोकाला मसुरीच्या डाळीएवढी काळी चकती. ती मखमलीवर पांढऱ्या भुकटीनं घासून आरशासारखी करायची, मग तिच्यावर ग्राफिनचा, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यांचा, थेंब सुकवायचा. एवढ्याशा आरशात कुणाचं तोंड दिसणार? नाही म्हटलं तर सर म्हणायचे, "मग घास." हो म्हटलं तर, "बघ की, किती काळं हाय."

मला हा माणूस आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. बारामतीच्या कॉलेजात माझी फिजिक्सची प्रयोगशाळा त्यांच्या केमिस्ट्रीला लागून होती, मधे एक दार. तुमच्याही नोकरीत असा एखादा असेलच. हुशार, कामाला वाघ, आणि समोरच्याला रडवल्याशिवाय ज्याला डबा गोड लागत नाही असा. सर शोधनिबंध इंग्रजीत लिहायचे आणि अपमान सोमेश्वरनगरच्या बोलीत करायचे. एका मुलाचे आईवडील ऊसतोड करायचे. त्याच्या हातून इलेक्ट्रोड पडला तेव्हा सर सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्येच्या हाताला कोयताच बरा व्हता." तो मुलगा पुन्हा आला नाही. सरांनी त्याची चौकशीही केली नाही.

स्वतः घासायला बसले की मात्र बघत राहावं. त्यांचा हात मखमलीवर इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरत राहायचा, चेहरा निवळायचा. तेवढा वेळ ते कुणालाही काही बोलत नसत.

रुकसाना त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, वडगाव निंबाळकरची. वडिलांचं कापडाचं दुकान. इंदापूरच्या कॉलेजात जागा निघाली होती, पण प्रबंध जमा झाला तरच तिला अर्ज करता येणार होता, आणि प्रबंध सरांच्या सहीवाचून अडला होता. राहिलं होतं ते शेवटचं काम, खऱ्या रक्तातलं यूरिक ॲसिड मोजायचं. दोन्ही विभागांतल्या धडधाकट माणसांनी रक्त दिलं. मी दिलं, सरांनीही दिलं. नमुन्यांवर नुसते आकडे. कुणाचा कुठला, ते एकट्या रुकसानाला ठाऊक. नाव कळलं की माणूस आकडा वाकवतो, म्हणून हा सरांनीच घातलेला नियम.

इलेक्ट्रोड नमुन्यात बुडवला की संगणकावर टेकडीसारखी रेघ उठते. ग्राफिनची करामत अशी, की क जीवनसत्त्वाची टेकडी बाजूला सरते आणि यूरिक ॲसिडची एकटी उभी राहते. बाकीच्यांच्या टेकड्या बसक्या होत्या, चौथ्या नमुन्याची भलतीच उंच. धडधाकट माणसात एवढं नसतं, इलेक्ट्रोडच घाण आहे, असं सरांनी ठरवून टाकलं. तिनं पुन्हा घासला, नवा थेंब सुकवला, पुन्हा मोजलं. टेकडी तेवढीच.

"सर, ह्यो चौथा कुणाचा हाय ते..."

"नाव सांगायचं न्हाय," सर ओरडले. इलेक्ट्रोड तिच्या हातातून ओढून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकला. "तुला घासाय येत न्हाय. जा, बापाच्या दुकानात बसून कापड मोज."

दार उघडंच होतं, मी सगळं ऐकलं. रुकसाना रडली नाही. तिनं डब्यातून इलेक्ट्रोड काढला, पुसून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी चौथा नमुना वगळलेला आलेख सरांपुढे ठेवला. सर खूश झाले. "आता कसं तोंड दिसतंय," म्हणत त्यांनी सही केली.

त्या दिवसांत ते लंगडायचे. काय झालं विचारलं की म्हणायचे, बूट चावतोय. पुढं ते चप्पल घालू लागले, तरी बूटच चावत होता. रुकसानाच्या तोंडी परीक्षेनंतर त्यांनी परीक्षकांना भिगवणला मासे खायला नेलं आणि स्वतःही चिलापीवर आडवा हात मारला.

वर्षभरानं कळलं की सरांच्या किडन्या निकामी झाल्या. रुकसाना तेव्हा इंदापूरला शिकवत होती. आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. यूरिक ॲसिड वाढून आधी पाय धरला, मग किडन्या गेल्या, वेळेवर कळतं तर पुष्कळ सावरता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाल्याचं सरांच्या पत्नीनं सांगितलं. हाताला डायलिसिसच्या नळ्या, तरी सर तावातावानं सांगत होते की आधी कळायला काही मार्गच नव्हता.

रुकसाना खुर्ची ओढून त्यांच्या उशाशी बसली.

"सर, चौथा नमुना तुमचा व्हता."

सर अगदी हळू म्हणाले, "मग सांगितलं का न्हाईस?"

"नाव सांगायचं न्हाय, असं तुमीच म्हणाला व्हता."

तिच्या आवाजात राग नव्हता. मला तिची भीती वाटली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या माणसाची दया आली. सरांनी तोंड भिंतीकडे वळवलं. आम्ही निघालो तेव्हाही ते तसेच होते.

दिवाळीआधी सर गेले. त्यांच्या खोलीत आता दुसरे सर बसतात. भिंतीवर रुकसानाच्या प्रबंधातला आलेख चौकटीत लावलेला आहे, आमच्या जुन्या सरांनीच हौसेनं लावलेला. चहाला गेलो की माझी नजर तिकडे जाते. पाचव्या नमुन्याला तिनं चौथा करून टाकलं होतं. मधे जागा सुटलेलीसुद्धा दिसत नाही.