हॉलमधली पाखरं

गास गावचा आग्नेल नोकरीतून निवृत्त झाला आणि पहिलं काम त्याने हाती घेतलं ते पाखरांच्या घराचं. त्याची थोरली बहीण क्लेमेंटीन वर्षभर अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, स्वतः लग्न केलं नाही. "त्यांना दिवसभर बघायला काहीतरी जिवंत हवं," डॉक्टर म्हणाले होते.

आग्नेलने जीव ओतून काम केलं. दुकानातले घुमटाचे उंच पिंजरे दिसायला झकास होते, पण फिंचसारखी चिमुकली पाखरं आडवी उडतात हे कळल्यावर त्याने वेल्डरकडून भिंतीएवढा लांब पिंजरा करून घेतला. जाळी इतकी बारीक की करंगळी आत जाऊ नये. जस्ताची चकचकीत तार नको, पाखरं ती चोचीने खरवडतात आणि विष पोटात जातं. बसायला वाडीतल्या पेरूच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या, म्हणजे पाय दुखत नाहीत.

राहिली जागा. क्लेमेंटीनची खोली स्वयंपाकघराला लागून होती. फोडणीचा धूर, तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ असल्या जिवांना सोसत नाही. म्हणून पिंजरा हॉलमध्ये लागला, सोफ्यासमोर.

रविवारची चर्चमधली मिस्सा सुटली की लोक पाखरं बघायला येऊ लागले. "बहिणीसाठी किती करतोस रे!" म्हणत. फादरांनीही पाठ थोपटली. आग्नेल नुसता हसे आणि ऐकत राही.

एकदा शेजारची रोवेना आली. "यातलं बायचं लाडकं कुठलं?" तिने विचारलं.

"ते पांढरं," आग्नेल पटकन बोलून गेला. "उठल्याउठल्या त्यालाच बघते."

रोवेना थेट आतल्या खोलीत गेली. "काय बाय, पांढरं पाखरू लाडकं म्हणे तुझं?"

क्लेमेंटीनने दारात उभ्या भावाकडे पाहिलं. आजारापासून तिचे शब्द अडखळत यायचे. "हो," ती म्हणाली. "फार गोड... आहे."

तिने एकही पाखरू पाहिलं नव्हतं. त्या पलंगावरून हॉलचा कोपराही दिसत नसे.

रोवेना गेल्यावर आग्नेल खालमानेने म्हणाला, "बाय, हो कशाला म्हणालीस?"

"चारचौघांत तुझी... मान खाली... नको."

त्याला आठवलं. तिला इस्पितळातून आणलं तेव्हाच कुणीतरी सुचवलं होतं, पलंग हॉलमध्ये लावा, वारा आहे, उजेड आहे. "आल्यागेल्यासमोर कसं दिसेल ते?" असं तोच म्हणाला होता. ज्या धुरापासून त्याने पाखरं जपली, त्या धुराशेजारी बहीण वर्षभर पडून होती. हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं असंही नाही. त्याने ते येऊ दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रोवेनाच्या दारात उभा राहिला. "जरा हात लाव, पलंग हलवायचाय. आणि... काल मी खोटं बोललो. बायने पाखरं अजून बघितलीच नाहीत."

 रोवेना पदर खोचून आली. दोघांनी सोफा व्हरांड्यात काढला, पलंग हॉलमध्ये आणला, क्लेमेंटीनला खुर्चीत बसवून उचलून आणलं आणि त्यावर निजवलं. धांदलीने घाबरून पाखरं पिंजऱ्याच्या पार टोकाला दाटून बसली. मग एकेक करून परतली. क्लेमेंटीन कितीतरी वेळ बघत होती. तिच्या तोंडाची एकच कड हसू शकायची, तेवढी हसली.

"बस ना... इथे," तिने भावाला म्हटलं. तो पाण्याची भांडी धूत राहिला, ती स्वच्छ झाली तरी.

आता लोक येतात, पण औषधांचा वास आला की चहा न घेताच उठतात. ते आग्नेलला लागतं. आणि लागतं म्हणून त्याला पुन्हा स्वतःची लाज वाटते.