युरोप, पोलाद आणि मोदकपात्र

युरोप एक झाला, त्याचा सगळ्यात जास्त त्रास मला झाला.

नव्वदीची मधली वर्षं. आम्ही दुबईत, मनखूलला राहत होतो. नवरा बांधकाम कंपनीत इंजिनियर. कुठल्याशा मासिकात त्याने युरोपातल्या एका गृहस्थांवरचा लेख वाचला. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या उरावर बसलेल्या देशांना मैत्रीचे धडे देऊ नका, त्यांचा कोळसा आणि पोलाद एका कारभाराखाली आणा, म्हणजे पुन्हा लढणं अवघड होईल, असं ते गृहस्थ म्हणे सांगत फिरले. त्यातूनच पुढे युरोप जवळ आला. लेख संपला, पण ते गृहस्थ आमच्या घरात जे मुक्कामाला आले ते हललेच नाहीत. जेवताना तेच, गाडीत तेच. मुलगी म्हणायची, "बाबा, प्लीज, नॉट अगेन!"

यामागचं दुखणं वेगळं होतं. नवरा आणि त्याचे दोन मित्र लग्नाआधी इथे एकाच खोलीत राहिले होते, एकाच कुकरातला भात खाऊन. पुढे तिघांनी मिळून मंडळ काढलं. एका गणपतीत स्टेजवर नारळ आधी कुणाला दिला, यावरून त्या दोन मित्रांचं फाटलं. मग खाडीच्या अलीकडे एक मंडळ, पलीकडे दुसरं. दोघं दोन मंडळांचे अध्यक्ष. आमच्या घरी यायचे, पण एक आला असेल तर दुसरा खालूनच गाडी वळवायचा. नवऱ्याला ते फार लागायचं. हे दोघं पुन्हा एका ताटाला बसलेले बघायचे, एवढंच त्याला हवं होतं. ते सरळ सांगायचं सोडून तो युरोप सांगायचा.

शेवटी त्याने पोलाद आणलं. दोन्ही मंडळांकडून निम्मी-निम्मी वर्गणी घेऊन शारजाच्या एका वर्कशॉपमधून स्टीलचं भलंमोठं मोदकपात्र बनवून घेतलं. खाली पातेलं, मध्ये जाळी, वर घट्ट बसणारं झाकण. "दोन्ही मंडळांनी हेच वापरायचं. बघ तू, दोघांना बोलावंच लागेल." कसलं काय! तिथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून गणपतीतल्या पहिल्या शुक्रवारी एकाकडे, दुसऱ्या शुक्रवारी दुसऱ्याकडे, आणि मधे आमच्याकडे. दोघंही पात्र माझ्या हातात द्यायचे. पलीकडचे म्हणायचे, "वहिनी, तिकडून चिकट आलंय हो." अलीकडचे म्हणायचे, "वहिनी, जाळी वाकवली त्यांनी." घासायची मी. वर्षभर ते धूड माझ्या डायनिंग टेबलाखाली, आणि पाहुण्यांनी पाय कुठे ठेवायचे?

एका वर्षी नवऱ्याने दोघांकडून एकत्र गणपतीचं वचन घेतलं. हॉल एक, स्वयंपाक एक. त्या सकाळी दोन्ही दारांतून दोन मिरवणुका आत आल्या. दोघांनीही आपापली मूर्ती आणली होती, कारण आपली असताना दुसऱ्याची कशी बसेल! एका टेबलावर दोन गणपती बसले आणि एकाच वेळी दोन वेगळ्या चालींत आरती झाली. नवरा मधे टाळ्या वाजवत उभा. घरी आल्यावर तो जेवलासुद्धा नाही. मला त्या दोघांचा इतका संताप आला की सांगता सोय नाही.

दोन हजारनंतर नवऱ्याची नोकरी संपली आणि आम्ही पुण्याला निघालो. सामान बांधत होतो, तर दोघंही नेमके एकाच संध्याकाळी मोदकपात्र मागायला आले.

"वहिनी, हे आमच्याकडेच राहू द्या."

"असं कसं? निम्मी वर्गणी आमची आहे!"

"मग नवीन घ्या ना, हबीबी."

नवरा खोक्याला चिकटपट्टी लावता लावता थांबला. चिकटपट्टी हातात घेऊनच बाहेर आला. त्याचा तो चेहरा बघून माझं डोकंच फिरलं. मी टेबलाखालून धूड ओढलं. पातेलं आणि जाळी एकाच्या हातात दिली, झाकण दुसऱ्याच्या.

"आता वाफवा मोदक! यल्ला, निघा, खलास!"

लिफ्ट एकच होती. एक पातेलं घेऊन आणि एक झाकण घेऊन त्यातूनच खाली गेले. नवरा म्हणाला, "अगं, असं काय केलंस?" मी म्हटलं, "तुझ्या त्या गृहस्थांना विचार."

पुण्यात दर भाद्रपदात फोन यायला लागले. "वहिनी, त्याला सांगा झाकण वेळेवर पाठवायला." मी प्रत्येक वेळी एकच सांगायचे, "तुम्हीच सांगा, नंबर आहे ना?" आणि फोन आपटायचे.

मग एका वर्षी फोन आला तो पलीकडच्यांचा. म्हणाले, "वहिनी, त्याला फोन द्या हो जरा." मागे भांड्यांचा गलका होता आणि त्यातून अलीकडच्यांचा आवाज, "अरे, झाकण काढू नकोस इतक्यात!" मी रिसीव्हर नवऱ्याच्या हातात दिला. त्याने तो कानाला लावला आणि नुसता ऐकत राहिला.

शेवटी मीच ओरडले, "अरे, दुबईहून बोलतायत ते, आयएसडी आहे! बोल की काहीतरी!"